फळ्याच्या आतून

आज हरलो तर सलग चौदावा.
हरलो तर, म्हणजे हरूच.
सातव्या डावाचं शून्य मी खिळ्याला अडकवते
आणि भोकातून बघते:
दोनशे माणसं, तीनेक कुत्री,
मिसेस हलुप्कांची जांभळी छत्री, ऊन असो नसो.

शून्याच्या पाट्या आमच्याकडे बावीस,
कडा झिजून चांदीसारख्या झालेल्या.
आठाची एकच, कोरी करकरीत.
नऊ नाहीच. लागलाच तर सहा उलटा कर,
बाबा म्हणायचे.

संघाचं नाव फेरीमेन. नावाडी.
नदीवर पूल झाला, फेरी बंद पडली,
आजोबांच्याही आठवणीआधी.
होडी गेली, नाव राहिलं.

फळ्याच्या आतल्या लाकडावर सगळं पेन्सिलीनं लिहिलंय,
आजोबांचं तिरपं, बाबांचं छापील, माझं घाईचं.

‘१९४७. काचकारखान्यात संप. तिकीट नाही,
टोपीत पडेल ते. जिंकलो.’

‘१९५३. लेस्टर ड्रोब्नी, पिचर. उजव्या हाताला तीन बोटं,
दोन भट्टीनं ठेवून घेतली.
चेंडू कुठे वळेल ते त्यालाही ठाऊक नाही.
सोळा बाद.’

‘१९६१. अंतिम सामना. सहा उलटा केला.’
त्याखाली बाबांनी एवढंच लिहिलंय:
‘वारा नव्हता. पाटी हलत होती.’

‘१९६८. पूर. दुसऱ्या बेसवरून होडी हाकली.
नावाला जागलो.’

नंतरची अक्षरं विरळ होत जातात.
कारखाना गेला. पोरं गेली.
हार तर पाचवीलाच पुजलेली,
ती काय लिहायची रोज?

डाव्या कुंपणापलीकडे सायलस ट्रॉयरचं शेत.
चेंडू तिथे पडला तर होम रन,
आणि ऑगस्ट संपत आला की त्याच्या वेलींना
ही एवढाली फळं.
यंदा एकही भोपळा फुटलेला नाही,
त्याचा नाही, आमचाही नाही.

आठवा डाव. यान्डेल येतो,
एकोणीस वर्षांचा, सान पेद्रोहून आलेला,
दोन महिने त्याला कुणाशी
नीट बोलता आलेलं नाही.
पहिला चेंडू हुकतो. दुसराही.
मी शून्य हातात घेऊनच उभी.

मग आवाज.
लाकडाचा, आणि जरा वेळानं, पलीकडून,
काहीतरी ओलं, जड, मऊ
फुटल्याचा.

एकाची पाटी सापडेना!
बादलीखाली होती. गंज पुसायला वेळ नव्हता,
तशीच लावली.
आणि खरं सांगते, वारा नव्हता.

सात-एकनं हरलो.
दिवे मालवताना सायलस कुंपणाशी आला,
भरपाई मागेल म्हणून मी तयारीत होते.
त्यानं रुमाल उघडला. ओल्या बिया.
‘पोराला दे,’ म्हणाला, ‘आणि सांग, भाजून खातात.’
कोणत्या भाषेत सांगू, ते नाही सांगितलं.

आत येऊन पेन्सिलीला टोक काढलं,
बाबांच्या ओळीखाली थोडी जागा होती.
मग शून्यं पुसून रचून ठेवली, बावीसच्या बावीस.
एक मात्र बादलीखाली नाही ठेवला.