चार नंबरचं मशीन

सावद्यात मे महिन्यात दुपारी मशीन सुरू करू नये,
आधी पंखाच ओरडतो.
म्हणून रात्री साडेदहाला शाळेचं कुलूप काढलं,
मोबाईल खिडकीत ठेवला,
रेंज तिथेच येते, पाण्याच्या टाकीकडे तोंड केलं की.

अकरा मशीनं. जुन्या आवृत्तीची मुदत संपली,
आता डागडुजी नाही, हे ती महिनाभर सांगत होती,
लग्नघरातल्या आत्यासारखी, दर वेळी तेच.
नवी आली आहे. पाच वर्षं पुरेल.
पैसे नाहीत. कुणीकुणी कुठेकुठे बसून लिहिलेली,
आपलं नाव-आडनाव न विचारता.

दोन हजार एकशे चाळीस पाकिटं उतरायची होती.
बाहेर केळीचा ट्रक भरत होते,
घडाखाली पाला, पाल्यावर घड.
हमाल मोजत होता, मीही मोजत होते.
एकोणचाळीस टक्के, आणि लाईट गेली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला.
नऊ मिनिटं मी वायर धरून उभी,
जशी काही माझ्यातूनच वीज जाणार होती.

चार नंबरला गाडं अडलं. विचारू लागलं:
ही फाईल इथे कुणीतरी बदललेली आहे.
नवी घालू? Y.
जुनीच राहू दे? N.

मी तर कधी हात लावला नव्हता.
फरक दाखव म्हटलं, दाखवला.
मशीन ज्या ओळी वाचत नाही, तिथे लिहिलेलं:

N ची कळ मेली आहे. ल आणि ळ तिच्यावरच होते.
दोन्ही वरच्या डाव्या कोपऱ्यात नेले.
पोरं केळीला केयी म्हणतात, म्हणोत.
लिहिताना ळ सापडला पाहिजे.
खु. बोरोले, २०१४

बोरोले सर आता मुलाकडे, सुरतेला.
फोन करावा तर साडेबारा वाजून गेलेले.
हसरत तडवी याच मशीनवर बसतो.
त्याचं बोट न बघता त्या कोपऱ्यात जातं,
मला वाटायचं, खोड आहे.

उत्तर N. आणि N तर मेलेला.
तरी दाबून पाहिला, दोनदा, उगाच.
मग खालची बारीक ओळ दिसली:
काही न सांगता नुसतं एंटर दाबलं
तर जुनं राहतं.

दाबलं.

सव्वातीनला सगळी मशीनं नव्या रंगात उठली.
दहा नंबरचा आवाज गेलाय, तो उद्या बघू.
चारवर बसून कोपऱ्यातली कळ दाबली.
ल.
शिफ्ट धरून पुन्हा.
ळ.
ट्रक कधीच गेला होता, रस्त्यावर पाला सांडलेला.
रिकाम्या वर्गात मोठ्यानं म्हटलं, केळी.
मग कुणी नाही बघून,
केयी.