डावी कूस

रात्री दोनला उठून मी खुर्चीत बसायचो.
पाठ टेकली की डाव्या कुशीत
कुणी गरम सळई फिरवायचं,
बसलो की सळई निवायची.
कूलर टपटपत राही. कुमुद झोपेतच विचारी,
"पुन्हा?"
मी म्हणायचो, गरमी आहे.
नागपूरचा मे, साक्षीला उभाच.

उरकुडेबाई म्हणाल्या, "पथरीच हाय भाऊ,
कुळथाचं पाणी घ्या, अन् पानफुटीची पानं."
महिनाभर कुळीथ प्यालो.
धंतोलीत सोनोग्राफी. खडा नाही.
रामदासपेठेत सोनोग्राफी. खडा नाही,
पडून गेला असेल, म्हणाले,
आणि पडून गेलेल्या खड्याचे पैसे घेतले.
एकाने नागीण सांगितली.
आठ दिवस आरशात बरगड्या पाहिल्या,
फोड काही आले नाहीत.
पुढच्याने विचारलं, घरी काही टेन्शन?

तेहतीस वर्षं मी लाइनमन.
मानेवाड्यातून तक्रार यायची, आमच्याच घरी अंधार.
लोक मीटर दाखवायचे, फ्यूज, बटण.
मी घरात शिरायचोच नाही,
मान वर करून तारेखालून चालत सुटायचो
तिसऱ्या-चौथ्या खांबापर्यंत.
तिथे कावळ्याचं घरटं,
काड्यांत विणलेली सायकलची एक तार.

हे मला ठाऊक होतं.
तरी सहा महिने बोट कुशीवरच ठेवून
दवाखान्या-दवाखान्यांतून मी मीटर दाखवत फिरलो.

मेडिकलच्या ओपीडीत, दुपारी दीडला,
फुलझेले नावाची पोरगेलीशी डॉक्टर, डोळ्यांत कालची रात्रपाळी.
"शिंकलात की दुखतं? आडवं झालं की वाढतं?"
टाचणी घेऊन ती छातीवरून खाली येत गेली.
एका पट्ट्यात टाचणी बोथट झाली.
"इथे?"
"टोचा ना," मी म्हटलं.
"टोचतेच आहे."
मग पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं,
काका, पाठ दाखवा.

एमआरआयच्या फिल्मवर, दहाव्या मणक्याआड,
बोराच्या बीएवढी गाठ,
नसेला रेलून बसलेली.
"साधी दिसते. काढल्यावर कळेल."
"आणि पाय?"
ती थांबली. जराशीच.

उद्या सकाळी ऑपरेशन.
आत्ता अकराला वॉर्डातले दिवे गेले.
सगळे पंख्याकडे बघताहेत,
कोपऱ्यातला म्हातारा बटण खालीवर करतोय.
कुमुद अंधारात माझ्या कुशीवर हात ठेवते,
चुकीच्या जागी.
राहू देतो.
जनरेटर उचलेपर्यंत मी मोजतोय,
सात, आठ,
आणि खिडकीतून शोधतोय, कुठला खांब.