भादरल्यावर

भुसावळात पारा शेहेचाळीसला टेकला त्या दुपारी
दोन बोके एकदमच आले दवाखान्यात.
फेगडे वकीलबाईंचा पर्शियन, नाव पेढा.
आणि इलेक्ट्रिक लोको शेडच्या साहेबांचा मेन कून,
तरी त्याचं नाव डिझेल.
आठ महिन्यांचा, अजून अंगाने भरायचा होता.
दोघेही दीपनगरच्या राखेच्या रंगाचे.

डॉक्टर म्हणाले, सुकदेव, दोघांचे केस उतरव,
आणि वरणगावला म्हैस अडली म्हणून
किक मारून गेले.

मी मशीन फिरवली.
तासाभरात फरशीवर हा ढीग,
जिनिंगच्या दारात पोतं फुटावं तसा.
टेबलावर उरली
भरितासाठी भाजून सोललेली दोन वांगी,
देठ तेवढे शाबूत.

पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या मघाशीच
वाऱ्याने सुटून कूलरच्या टाकीत पडलेल्या.

तेवढ्यात वकीलबाईंचा ड्रायव्हर आला, अमळनेरचा.
त्याने पेढा कायम टोपलीत, टॉवेलाखाली नेलेला.
इकडे बघितलं, तिकडे बघितलं.
"भाऊ, आते आमना कोनता?"

पेढा, अशी हाक मारली. कुणी वळलं नाही.
डिझेल म्हटलं. तरी नाही.

मी मूळचा म्हशींचा माणूस.
सावद्याच्या बाजारात लांबून सांगायचो,
शिंग जिलबीसारखं वळलं की मुऱ्हा,
तलवारीसारखं पाठीवर गेलं की नागपुरी,
कपाळावरून ओघळून कान झाकले की जाफराबादी.
मांजराला देवाने काय दिलं?
केस.
ते मी नुकतेच झाडून सुपलीत भरले होते.

मग खाली बसलो, त्यांच्या तोंडासमोर.

एकाचं नाक पार डोळ्यांच्या मधोमध,
बटण दाबलं आणि वर आलंच नाही तसं.
डोळे पाझरतायत, गालावर तपकिरी ओघळ.
श्वासाला घरघर,
जुन्या मोटारपंपाने हवा धरावी तशी.
ड्रायव्हर म्हणाला, "गांधीलमाशी चावनी व्हई."

दुसऱ्याचं तोंड पुढे, चौकोनी, हनुवटी घट्ट.
कान उंच, ताठ,
टोकांना केसांचा तुरा राहिलेला,
तिथे मशीन न्यायला मी घाबरलो होतो.
शेपूट मोजली वितीने, जवळजवळ अंगाएवढी.
पण पहिल्याची मोजायची राहिली,
त्याने बस्तान मांडलं होतं तिच्यावर,
पाटाचे पाय असावेत अशा आखूड पायांवर,
आणि कुणी हलवेल तर हलणार नव्हता.

तरी मन खात होतं.
नाकं काय, माणसांचीही बसकी असतात.
आमच्या घरात माझंच आहे.

तेव्हा तुऱ्याचा उडी मारून खाली आला.
म्याव नाही,
पाखराने घशात काही घोळवावं तसं
ट्रर्र, ट्रर्र करत कूलरकडे गेला,
टाकीत पंजा घातला कोपरापर्यंत,
आणि पाण्याशी खेळता खेळता
एक चिठ्ठी ओढून काढली बाहेर.
शाई धुऊन गेलेली. कोरा कागद.

पाण्याला न भिणारं मांजर
मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.
डॉक्टर मात्र एकदा बोलले होते,
त्या जातीला पाण्याची भारी ओढ.

मी घरघरणारा उचलला,
टोपलीत ठेवला, वर टॉवेल.
"न्या भो. हाच."

रात्री साडेनऊला वकीलबाईंचा फोन.
आवाज कोर्टातला नव्हता.
सुकदेव, हा माझ्याकडे बघत नाहीये.
एवढासा झालाय. हा आमचाच आहे ना?

म्हटलं, मॅडम, तो झोपेल तेव्हा
फोन धरा जरा त्याच्या नाकाशी.

झोपलाच आहे, त्या म्हणाल्या.

मग बराच वेळ काही नाही.
मग घरघर, थांबून थांबून,
आणि तिच्यामागे आणखी एक घरघर,
कूलरची असेल.
मी कान बदलून पुन्हा ऐकलं.

तुमचाच, म्हटलं.