हवा काढताना

अनगोळ. बोळातच गाडी स्टँडवर.
मागचं डावं चाक गटाराच्या कठड्याला टेकवलेलं.
मी खाली, पाठीखाली सिमेंटचं पोतं,
वर सीटवर शेजारचा अडिवेप्पा.

"दाब. दाब. आता धर."
निपल पाव फेरा सैल.
नळीतून बाटलीत चहासारखं काळं तेल,
मग बुडबुडे, एक मोठा, दोन बारके,
बराच वेळ काहीच नाही,
आणि एक चुकार.

घाईत माझ्या तोंडून निघतं, "बिडब्याडा!"
"नाही सोडत की वो,"
तो मराठीत ओरडतो.

उद्या चोर्ला घाट.
त्याच्या लेकीला म्हापशाला पोचवायचंय,
नर्सिंगला.

पाना आवळतो. पेडल आता तळाला जात नाही.
"गट्टी आगेत्री," वरून आवाज.
त्यांच्यात गट्टी म्हणजे घट्ट.

अजून तीन चाकं राहिलीत.