पावती क्रमांक ४१७

क्षेमकल्याणींच्या प्रेसमध्ये माझं काम ऱ्हस्व-दीर्घाचं.
रविवार कारंजाच्या मागच्या बोळात, जिन्याखाली टेबल,
ट्यूबलाइट दिवसाही लागते.
दिवाळी अंकाच्या कथा श्रावणातच येऊन पडतात,
मी त्यांच्या वेलांट्या बघते.
अर्थाचं बघायला लेखक आहेत, असं मालक म्हणतात.

अठरा वर्षांत कितीदा तरी
'काळाकभिन्न' हा शब्द मी नीट जोडून दिलाय.
तो आला की पुढच्या ओळीत दार वाजतं
किंवा सुरी निघते.
नायिका केतकीच्या रंगाची, तिच्यामुळे खोलीत उजेड पडतो.
गुरखा 'शाब' म्हणतो;
मी 'साहेब' केलं तर लेखक परत 'शाब' करून पाठवतात.
कामवाली सावळी असली तरी स्वच्छ असते.
त्या 'तरी'पाशी माझी पेन्सिल थांबते,
पण व्याकरणात 'तरी'चं काही चुकलेलं नसतं.

मलाही आईनं साय-हळदीनं घासलं होतं,
सिन्नरहून मुलगा बघायला येणार म्हणून.
मुलगा आला तो तव्यासारखा,
आणि त्याला उजळ हवी होती.
या गावात काळ्या रामाला गर्दी,
गोऱ्या रामाचा पत्ता विचारत जावं लागतं.
'ते देवाचं झालं,' आई म्हणाली,
आणि साय परत फ्रीजमध्ये ठेवली.

यंदा शौचे सरांची कथा आली, समतेवरच.
कॉलेज रोडला खोली घेतलेला आफ्रिकन विद्यार्थी.
आधी सगळे त्याला भितात.
मग गोदेला पूर येतो, तो घरमालकाचा नातू वाचवतो
आणि स्वतः वाहून जातो.
अकराव्या पानावर सगळी सोसायटी रडते.
मीही रडले थोडी. दोन अनुस्वार सुटले.

त्याच दुपारी ती आली, फार्मसीची, स्पायरलच्या दोन प्रती न्यायला.
बसच्या पाट्यांवरून अक्षरं शिकलेली,
निमाणी, आडगाव, मेरी.
टेबलावरचं चित्र तिला उलटं दिसत होतं,
तिनं ते सरळ केलं.
जाड ओठ, पांढरे दात, बाकी सगळी शाई.
'नाव काय याचं?'
मी पानं उलटली. तो. तो धिप्पाड. ते काळं शरीर.
नातवाचं नाव अथर्व.
कुत्र्याचं ब्रूनो.
'मरतो का?' तिनं विचारलं.
मी म्हटलं, चांगला असतो तो, फार चांगला.
'मला पोहता येत नाही,' ती म्हणाली,
आणि सुटे पैसे मोजू लागली.

समासात मी लिहिलं: नाव?
सरांचा फोन आला, रागावले नव्हते.
'अहो, तो प्रतीक आहे. प्रतीकाला नाव कशाला?'
मग अथर्वला कशाला,
हे मी फोन ठेवल्यावर विचारलं.
संध्याकाळी निरोप आला: 'जॉन' घाला, एकदाच, पान चारवर.

घातलं. र-ट-फ करताना पावतीपुस्तक काढलं,
तिची बाकी खोडायला.
क्रमांक ४१७. अ‍ॅडव्हान्स शंभर.
नावाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात,
ऱ्हस्व-दीर्घ अगदी बिनचूक:
काळी मुलगी, स्पायरल.

तिनं त्या दिवशी नाव सांगितलं होतं.
मी म्हटलं होतं, राहू दे, लक्षात राहील.

तिच्या प्रबंधाचं एक खराब पान टोपलीत सापडलं,
त्यावरून एकेक अक्षर उतरवलं.
नीमा मुशी.
'नी' दीर्घ असेल ना? कुणाला विचारणार.
वरच्या पानावर खोडून लिहिलं.
खाली कार्बनची प्रत होती,
तिच्यावर 'काळी मुलगी' तशीच,
निळी, जरा फिकट,
आणि तिच्या अंगावरून माझी एक रेघ.