सातशे तीस ग्रॅम

डॉक्टर म्हणाली, उजवीकडून सातशे तीस,
डावीकडून थोडं कमी.
तिला वाटलं, आकड्याला घाबरेन.
अकरा वर्षं मासे तोलतेय मी, बाई.
सातशे तीस म्हणजे कॉडचे दोन चांगले तुकडे,
पाठीकडचे, जाड, काटे काढलेले.
तराजूवर न ठेवता सांगेन,
तळहाताला विचारून.

फक्त हे वजन हातात कधी आलंच नाही.
ते मानेत असतं,
खांद्यांवरच्या दोन खाचांत.
दिवसभर कारखान्यात एक पट्टा समोरून सरकतो
आणि दोन रुतत जातात.
रात्री काढून ठेवले तरी ते तिथेच असतात.
ओर्री त्या खाचेतून अंगठा फिरवतो.
विचारलं तेव्हा म्हणाला, तुझं शरीर, तू ठरव.
बरोबरच बोलला.
फक्त बोलण्याआधी त्याचा एक श्वास अडला.
तो मी अजून जपून ठेवलाय,
कशासाठी कोण जाणे.

पट्ट्यापलीकडून बोझेना ओरडते, पोलिश हेलात,
माझे तर तीन पोरांनी फुकटात उतरवले,
तू पैसे कसले मोजतेस?
सगळ्या हसतात. मीही.
हसताना छातीखाली हात धरावा लागतो,
हे फक्त मला माहीत.

आमच्याकडे पोहायला उतरण्याआधी
नागडं होऊन साबण लावायचा, असा नियम आहे.
कुठे कुठे घासायचं त्याचं चित्रच आहे भिंतीवर.
त्यामुळे गावातल्या सगळ्या बायका मी पाहिल्यात.
गणिताच्या बाई. पोस्टातली रान्वेग.
एकच उरलेली हेर्बोर्ग, तिच्या टाक्यांवरून
पाणी कसं सरळ खाली येतं ते.
कुणाला कुणाचं काही वाटत नाही.
मलाही वाटलं नाही कधी त्यांचं.
आणि तरी वीस वर्षं
मी भिंतीकडे तोंड करून धुतेय.

माहितीच्या कागदावर लिहिलंय:
स्पर्श कळेनासा होऊ शकतो.
पुढे मूल झालं तर दूध येईलच असं नाही.
व्रण नांगरासारखा दिसेल, बोटीच्या.
बाबांच्या दंडावर तसाच होता, निळा,
आईला तो मुळीच आवडायचा नाही.

आईचेही असेच.
सत्तरी आली, अजून दोन्ही हात त्यांच्याखाली घेऊन बसते,
शेजारणीचं बाळ जरा वेळ सांभाळावं तशी.
मी तेरा वर्षांची असताना एका रविवारी
तिने फीत माझ्याभोवती फिरवली, आकडा बघितला,
आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्वेटरला
पुढच्या बाजूने चोवीस टाके जास्त.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
तिने ते विणलं, मी ते घातलं.
आता हे उतरवून ठेवायचं म्हणजे
तिला काय सांगितल्यासारखं होईल?

दोनदा फोन करून तारीख पुढे ढकलली.
एकदा सर्दी झाली म्हणून. सर्दी झाली नव्हती.

मग फेब्रुवारीतला बुधवार,
छोटा विमानतळ, फ्योर्डच्या तोंडाशी वारा
आणि पाटीवर सगळ्यांसाठी एकच शब्द: रद्द.
लोकांनी कॉफी ओतून घेतली. इथे हे रोजचंच.
मला वाटलं होतं, हायसं वाटेल.
कदाचित म्हणूनच फेब्रुवारी निवडला होता मी,
वाऱ्याच्या भरवशावर.
पण घशात काहीतरी तापत वर आलं
आणि मी खिडकीपाशी उभी राहून रडले,
रागाने, हातमोज्यांनी नाक पुसत,
त्या बिचाऱ्या विमानावर,
जे रेक्याविकहून निघालंच नव्हतं.

आईला फोन लावला. विमान नाही, म्हटलं.
ती बराच वेळ फोनमधला वारा ऐकत राहिली.
मग म्हणाली,
करड्या लोकरीचा घेतलाय सुरू करायला,
पाठ झाली. पुढे किती टाके घालू?
का थांबू?

काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघत होती,
उद्या सकाळचं देऊ की दुपारचं?

थांब, मी म्हटलं.
मुलीला वाटलं तिलाच म्हणतेय,
ती थांबली.
नाही, तू नाही, म्हटलं,
तू सकाळचं दे.