मागे, अजून मागे

बत्तीस फूट लांबीचं घर मागे घ्यायचं
म्हणजे एकानं स्टिअरिंग धरायचं
आणि दुसऱ्यानं मागे उभं राहून
आरशात दिसेल असा हात हलवायचा.
एवढ्यावर अकरा वर्षं निभावली आमची.
त्याआधीची एकेचाळीस, नेब्रास्कात,
चार खोल्या आणि मक्याचं कोठार असताना,
याहून सोपी गेली असं नाही.

घर विकलं त्या दिवशी व्हर्लिन म्हणाला,
आर्डिथ, आता एक किल्ली पुरे.
खरं तर तीन होत्या: दाराची, इंजिनाची,
आणि खालच्या कप्प्याची, जिथे त्याचे रंधे, करवती,
नि जुन्या रजईत गुंडाळलेलं माझं शिवणयंत्र.
मुलगी फोनवर म्हणाली,
विंचवाचं बिऱ्हाड झालं तुमचं.
टेक्सासात खरोखरच विंचू निघाला पायपुसण्याखाली.
व्हर्लिननं तो बरणीत धरून कुंपणापलीकडे सोडला.
म्हणाला, शेजारी आहे आपला.

तीन आठवडे इथे, तीन आठवडे तिथे.
अनाथ मुलांच्या वसतिगृहाचं छप्पर.
लुईझियानात, पूर खिडकीशी येऊन गेलेल्या
एका विधवेच्या भिंती.
चर्चच्या उन्हाळी शिबिरातले बावीस संडास.
सोमवार ते गुरुवार काम, त्याआधी प्रार्थना,
बदल्यात पाण्याचा नळ, विजेची जोडणी
आणि गाडीपुरती सपाट जमीन.
मिळतं काय, विचारतात लोक.
संधिवात, सांगते मी,
आणि दर गुरुवारी सहा घरांची सहा भांडी एका टेबलावर,
त्यातली चार बटाट्याची.

वसतिगृहासाठी मी पडदे शिवले. पलंगागणिक एक.
जनेसा नावाच्या पोरीनं विचारलं,
हा माझा एकटीचा?
हो.
मला वाटेल तेव्हा ओढून घेता येईल?
हो म्हटलं.
तिनं तो लगेच ओढला,
आणि संध्याकाळच्या जेवणापर्यंत उघडला नाही.
कोणी हाकही मारली नाही.

देवाबद्दल मी फारसं बोलत नाही.
व्हर्लिन बोलायचा, दातांत खिळे धरून,
त्यामुळे निम्मं कळायचं नाही.
तेवढं पुरायचं मला.

मग आर्कान्सास. मार्च महिना.
अकरा दारं त्यानं बसवली, एकही कुरकुरलं नाही.
बाराव्याशी बिजागरी हातात घेऊन उभा राहिला,
ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना
तसा तिच्याकडे बघत.
तुकडीचा म्होरक्या लॉयल स्टकी, जन्मभर पोस्टमास्तर,
काही बोलला नाही.
पॉलिशपेपरचा तुकडा फाडून त्यानं व्हर्लिनला दिला
आणि जिन्याचा कठडा दाखवला.
दिवसभर कठडा घासला त्यानं.
चार वाजता मी हात फिरवून पाहिला.
इतकं गुळगुळीत कोणाला लागत नाही.

तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे.

काल मिसूरीत पोचलो, उजेड उतरताना.
जागा अरुंद, मागे ओक.
आरशात व्हर्लिन, हात हलवतोय:
मागे, अजून मागे, अजून.
मग हात वर गेला आणि तिथेच राहिला.
मागे म्हणेना, थांब म्हणेना,
वर्गात उत्तर येतं म्हणून हात वर केलेला
आणि प्रश्नच विसरलेला मुलगा जसा.
ब्रेक मीच दाबला.
उतरून मागे गेले.
तो स्वतःच्या तळव्याकडे बघत होता.
यानं काय सांगायचं असतं गं?
थांब म्हणायचं असतं.
मग म्हणालो ना मी?
म्हणालास.
ओक आणि बंपर यांच्यात वीतभर जागा होती.

इथल्या बाईनं फोनवर विचारलं होतं,
कामाला किती हात आहेत तुमचे?
चार, सांगितलं होतं मी,
आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ
ओट्यापाशी उभी होते.

मी पाण्याची नळी जोडून येईतो
तो न सांगता गुडघ्यांवर बसला होता,
चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवत.
आधी डावीकडचा.
बरोबर. जमीन तिकडेच उतरती होती.